सेतोची मांजरं, पेणची नजर

जपानमध्ये २९ सप्टेंबर हा मानेकी-नेकोचा, म्हणजे एक पंजा वर करून नशीब बोलावत बसलेल्या त्या मांजराचा दिवस मानतात. त्याच्या आगेमागे येणाऱ्या शनिवार-रविवारी आयची प्रांतातल्या सेतो या कुंभारांच्या गावात ‘कुरु फुकु मानेकी-नेको मात्सुरी’ भरते. नागोयाला राहायला आल्यापासून मी नुसतं जायचं जायचं म्हणत होते. मुहूर्त लागला तो सासूबाईंमुळे. घरचे गणपती आटोपून त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या, नवरा ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी होता, आणि त्यांना दोन दिवस घरात बसवून ठेवणं कुणाच्याच हिताचं नव्हतं.

सासूबाईंचं माहेर पेणचं, घरचा गणपतीचा कारखाना. लग्न होईपर्यंत त्यांनी वडिलांच्या हाताखाली मूर्ती घासल्या आहेत, रंग भरले आहेत, शेवटच्या वर्षांत आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटायचं कामसुद्धा केलं आहे. मांजरांशी मात्र त्यांचं वाकडं. “आपल्याकडे मांजर आडवं गेलं तर माणूस चार पावलं मागे येतो,” त्या म्हणाल्या, “आणि इथे लोक गाडी पकडून मांजर बघायला जातात?” तरी सकाळी माझ्या आधी तयार होऊन बसल्या होत्या.

नागोयातल्या साकाएमाचीहून मेइतेत्सुची सेतो लाइन पकडायची. पाऊण तासाच्या आत ओवारी-सेतोला, शेवटच्या स्टेशनावर उतरवते. ही लाइन १९०५ साली सुरू झाली ती मुख्यतः सेतोचा माल नागोयाच्या होरिकावा कालव्यापर्यंत पोचवायला. आता डब्यात माल कसला, मांजराचे कान लावलेली माणसं होती. समोरच्या बाकावर ऑफिसात शोभेल अशा सुटातले एक गृहस्थ, डोक्यावर काळे कान, मांडीवर वर्तमानपत्र. सासूबाई त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की शेवटी त्यांनीच मान लववली.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर सेतो नदी. नदी म्हणायची एवढंच, दोन्ही बाजूंनी बांधून काढलेला ओढाच तो. एके काळी कारखान्यांतली माती धुऊन येणारं पाणी दुधासारखं पांढरं असायचं म्हणे. काठाला कलाकारांचे ठेले लागले होते. लाकडात कोरलेली, कागदाच्या लगद्याची, लोकरीची, काचेची, जुन्या किमोनोच्या कापडातून शिवलेली मांजरं. खरं सांगायचं तर पहिली वीस मिनिटं मला हे सगळं जरा अतीच गोड वाटलं. गुलाबी नाक, गुलाबी पंजा, परत गुलाबी नाक. जपानी जत्रेत गोडव्याचा असा एक थर असतोच, तो ओलांडावा लागतो.

सासूबाईंनी तो एका ठेल्यावरच ओलांडला. त्यांनी चिनीमातीचं एक मांजर उचललं, चेहऱ्याकडे ढुंकूनही न बघता उलटं केलं, बूड पाहिलं, मग वर केलेल्या पंजाच्या खाली, काखेत बोट फिरवलं. “रेघ राहिलीय,” म्हणाल्या. साचा दोन भागांचा असला की जोडावर माती किंचित बाहेर येते, ती नीट घासली नाही तर रेघ राहते. पेणला या घासण्यावर पोरं लावतात आणि काखेतली, सोंडेखालची रेघ हमखास सुटते. ठेलेवाल्या बाईंना मी भीत भीत भाषांतर करून सांगितलं. त्यांनी मांजर हातात घेतलं, चष्मा वर सरकवला, काखेत बघितलं आणि जे हसत सुटल्या! पुढची दहा मिनिटं त्या एकेक मांजर सासूबाईंच्या हातात देत होत्या आणि सासूबाई रेघा शोधत होत्या. मी दुभाषी. एक सापडलं बिनरेघेचं. ते आम्ही विकत घेतलं.

मग चेहरा रंगवणं. बाजारपेठेत एका मंडपात तरुण मुलं-मुली येईल त्याच्या गालांवर मिशा आणि नाकावर काळा ठिपका काढून देत होती. रांग चांगलीच लांब. “मला नको हं,” सासूबाई म्हणाल्या. पण आमच्या पुढे सासूबाईंपेक्षाही वयस्क एक आजी काठी टेकत उभ्या होत्या, त्या मिशा काढून घेऊन आरशात बघत अशा काही खूश झाल्या की आमच्याकडचा विरोध मावळला. रंगवणाऱ्या मुलीने सासूबाईंच्या कपाळावरची टिकली पाहिली आणि विचारलं, ही राहू द्यायची ना? मग तिने टिकलीच्या वर दोन बारीक पट्टे ओढले आणि टिकली मधोमध बसवून घेतली. ओल्या कुंचल्याचं टोक गालाला टेकताच सासूबाईंनी डोळे मिटले नाहीत, उलट त्या मुलीचं मनगट बघत होत्या. “हात हलका आहे हिचा,” म्हणाल्या. मिशा काढलेल्या सासूबाईंचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायची परवानगी मला अजून मिळालेली नाही.

जत्रेच्या दिवसांत ‘सेतोगुरा’ या इमारतीत निरनिराळ्या कलाकारांनी केलेल्या मानेकी-नेकोंचं प्रदर्शन भरतं, नावातच शंभर जणांचा उल्लेख आहे. तिथे गोडव्याला चांगलाच उतारा मिळाला. पाठमोरं बसलेलं मांजर, ज्याचा वर केलेला पंजा फक्त भिंतीवरच्या सावलीत दिसतो. एक म्हातारं, एक कान फाटलेलं, बोलावणं कंटाळून अर्धवटच सोडून दिलेलं. एकाचे तर डोळेच नव्हते, नुसती पांढरी माती, आणि तरी ते आपल्याकडे बघतंय असं वाटत होतं. सासूबाई त्याच्यासमोरून हलेनात. “आखणी केलीच नाही,” त्या पुटपुटल्या. “मुद्दाम ठेवलंय की काय?” मी म्हटलं, मुद्दामच असणार. त्यांना ते पटलं नाही, पण त्या परत एकदा जाऊन बघून आल्या.

त्याच इमारतीत सेतोगुरा म्युझियम आहे. जत्रेला आलेली बरीच माणसं ते बघत नाहीत, पण माझं मत असं की ते बघितल्याशिवाय बाहेरच्या मांजरांचा उलगडा होत नाही. आत जुनं सेतो स्टेशन पुन्हा उभं केलंय, हिरव्या जुन्या गाडीचा डबासुद्धा ठेवलाय. पण आम्ही अडकलो ते साच्यांपाशी. सेतो हे जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांच्या गावांपैकी एक. इथली माती चांगली, भट्टी हजार वर्षांची. चिनीमातीचं तंत्र मात्र उशिरा आलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. काटो तामिकिची नावाचा इथलाच माणूस दक्षिणेच्या क्यूशू बेटावर जाऊन ते शिकला आणि १८०७ साली परतला. पुढे मेजी काळात (१८६८–१९१२) प्लास्टरचे साचे आले आणि सेतोत बाहुल्या, प्राणी, शोभेच्या वस्तू बनायला लागल्या. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल अमेरिकेला मिळेनासा झाला, तेव्हा त्या मागण्या इकडे वळल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानचा शिक्का बुडावर मारून लाखोंनी पुतळ्या बाहेर गेल्या. लेस नेसलेल्या युरोपियन बायका, पियानो वाजवणारे सरदार, परदेशी गिऱ्हाइकाला हवं ते सगळं. १९८५ नंतर येन महागला आणि हा निर्यातीचा धंदा बसला.

“म्हणजे परक्यांचे देव करून पोट भरलं यांनी,” सासूबाई म्हणाल्या. देव नव्हेत ते, पण मी दुरुस्ती केली नाही.

साच्याची रीत त्यांना मी सांगायची गरजच पडली नाही. पातळ केलेली माती कोरड्या प्लास्टरच्या साच्यात ओततात, प्लास्टर पाणी शोषून घेतं, भिंतीलगत मातीचा थर धरतो, मग उरलेली पातळ माती ओतून टाकायची आणि आत पोकळ मूर्ती उरते. सासूबाई काचेला नाक लावून त्या साच्यांचे भाग मोजत होत्या. साधी बाहुली असेल तर दोन-तीन, पण नाचणारी, हात पसरलेली जोडी असेल तर हात वेगळे, डोकं वेगळं, घागऱ्याच्या झालरी वेगळ्या, आणि सगळं ओल्या मातीनेच चिकटवलेलं. “आम्ही काथ्या घालून हात भरायचो,” त्या म्हणाल्या. “यांचं सगळं पोकळ, तरी फुटत नाही.” त्यांच्या आवाजात किंचित असूया होती. मांजर कुठे दिसतंय का बघा म्हटलं तर होतंच. चिनीमातीची मानेकी-नेको साच्यातून काढायला सेतोनेच मेजीच्या उत्तरार्धात सुरुवात केली. निर्यातीच्या सरदारांचं राज्य गेलं आणि घरच्याच बाजारासाठी केलेलं मांजर तेवढं टिकलं.

दुपारी जेवायला उनागी. सेतोत या माशाची दुकानं बरीच, भट्टीवर राबणाऱ्या कारागिरांना ताकदीचं खाणं लागायचं म्हणून. काळ्या लाकडी डब्यात भातावर तपकिरी चकचकीत तुकडे आले आणि सासूबाईंनी एक घास घेऊन जाहीर केलं, “ही तर वाम!” कोकणातल्या माणसाला वाम ओळखू आली नाही तर कसं. “पण साखर कशाला घातलीय?” डबा मात्र चाटून पुसून स्वच्छ झाला.

तिथून नदीकाठाने चालत मानेकी-नेको म्युझियमला. वाटेवरच्या दुकानांत जिकडेतिकडे मांजरं आणि त्यांच्या बरोबरीने फुजिइ सोताचे फलक. जपानी बुद्धिबळाचे, शोगीचे, आठही मोठे किताब २०२३ मध्ये एकाच वेळी मिळवणारा हा पोरगा सेतोचा. गावात मांजर थोर की सोता, हे फलकांवरून ठरवणं अवघड आहे.

म्युझियमच्या वरच्या मजल्यावर जपानभरातली मानेकी-नेको हजारोंनी मांडली आहेत. त्यात हिंडताना कळतं की आपण जिला ‘ती जपानी मांजर’ म्हणतो, ती गुबगुबीत, मोठ्या डोळ्यांची, पोटाशी सोन्याचं नाणं धरलेली, ती सेतोची नव्हेच. ती शेजारच्या तोकोनामेची, तीही युद्धानंतरची. सेतोचं जुनं मांजर सडपातळ, पाठीत किंचित वाकलेलं, गळ्यात आवळ बांधलेलं लाळेरं. खरोखरच्या मांजरासारखं, थोडं संशयी. कुतानीचं मांजर अंगभर नक्षी आणि सोन्याचे उठावदार ठिपके लेऊन बसतं, लग्नाला निघाल्यासारखं. त्याआधीची मातीची मांजरं तोक्योच्या आसाकुसा-इमादो भागातली. चित्रकार हिरोशिगेच्या १८५२ सालच्या एका चित्रात ती विकणारा ठेला दिसतो. उजवा पंजा वर असेल तर पैसा, डावा असेल तर गिऱ्हाईक, असं सांगतात. दोन्ही वर केलेलीही मिळतात, पण जाणते लोक त्यांना हसतात. दोन्ही हात वर करणं म्हणजे शरणागती.

खाली रंगवायला शिकवतात. आम्ही सोमेत्सुके निवडलं, म्हणजे एकदा भाजून घेतलेल्या पांढऱ्या बशीवर निळ्या रंगाने चित्र काढायचं, मग ते लोक वर झिलई चढवून पुन्हा भट्टीत घालतात. रंगाला गोसु म्हणतात, त्यात कोबाल्ट असतं. वाटीत मात्र तो निळा दिसतच नाही, राखाडी-काळा, पाटीवर घासलेल्या पेन्सिलीच्या पाण्यासारखा. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, आधी शिसपेन्सिलीने खुशाल काढा, भट्टीत ती जळून जाते. आणि रंग सारखा ढवळा, खाली बसतो.

मी पेन्सिलीने मांजर काढलं, खोडलं, परत काढलं. सासूबाईंनी पेन्सिल बाजूला सारली. बारीक कुंचला गोसुत बुडवून वाटीच्या काठावर निथळवला आणि थेट पाठीची रेघ ओढली. भाजलेली माती टिपकागदासारखं पाणी पिते. कुंचला जरा थबकला की तिथे काळा फुगा उठतो, आणि उचलला की सांधा दिसतो. माझ्या रेघेवर जागोजागी असे फुगे. त्यांची रेघ मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत एका दमात गेली. बाई माझ्याकडे यायच्या त्या तिकडेच थांबल्या.

पुढचा भाग रंग भरण्याचा, त्याला दामी म्हणतात. त्याचा कुंचला जाडजूड, पोट भरून रंग धरणारा, टोक मात्र टोकदार. तो टेकवायचा असा नाहीच. टोकाशी रंगाचा थेंब लोंबवत ठेवायचा आणि तो थेंब बशीवरून चालवत न्यायचा. कुंचल्याने माती घासली की पट्टे पडतात. बाईंनी बशी किंचित तिरकी धरून दाखवलं, थेंब रेघेच्या कुंपणापर्यंत गेला, तिथे त्यांनी कुंचला दाबून उरलेला रंग परत शोषून घेतला. हे बघून सासूबाई पहिल्यांदा गप्प झाल्या. पेणला त्यांनी ब्रशने रंग लावला होता, नंतर पंपाने फवारताना पाहिला होता. हे नवीन होतं. त्यांनी बाईंना तीनदा करून दाखवायला लावलं, आणि त्यांच्या पहिल्या प्रयत्नात थेंब कुंपण ओलांडून मांजराच्या पोटातून बाहेर गेला. “शेपूट दोन झाल्या,” म्हणाल्या, आणि खरंच तिथे दुसरी शेपूट काढली.

डोळे मात्र राहिले होते. बाईंनी सुचवलं, चेहरा आधी करून टाका, बाकीचं सोपं जाईल. मी भाषांतर केलं. सासूबाईंनी मान हलवली. “डोळे शेवटी. तिला सांग, आमच्याकडे आखणी शेवटी करतात.” मी सांगितलं, बरोबर गणपतीचंही सांगितलं, जमेल तेवढं. सगळं रंगवून झाल्यावर त्यांनी हात पुसले, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला. एक पापणीची कमान, खाली बुबुळ, बुबुळात पांढरा कण सोडलेला. मग दुसरा डोळा. टेबलावर शेजारी बसलेल्या दोन शाळकरी मुली आपलं रंगवणं थांबवून बघत होत्या. कुंचला वर उचलला तेव्हा त्यातली एक हळूच “सुगोइ” म्हणाली. त्याचं भाषांतर सासूबाईंनी मागितलं नाही.

बशांवर पत्ता लिहून दिला. भाजून झाल्या की टपालाने येतील, महिना-दीड महिना लागेल. ऊन उतरायला लागलं होतं, म्हणून होरा भागातल्या कामागाकी वाटेवर गेलो. टेकडीच्या उतारावरची ही अरुंद वाट पूर्वी भट्ट्यांतून माल खाली आणायची होती. तिच्या भिंती भट्टीतल्याच टाकाऊ सामानाच्या आहेत. भांडी ज्यात ठेवून भाजायचे ती गोल मातीची डबडी, त्यांना इथे एंगोरो म्हणतात, आणि फळ्यांना टेकू द्यायचे दांडे, ते त्सुकु. वर्षानुवर्षं आगीत राहून त्यांच्यावर राखेची झिलई चढलेली, कुठे हिरवट, कुठे चॉकलेटी. गोल तोंडं बाहेर करून एकावर एक रचल्यामुळे भिंत नक्षीदार दिसते, पण रचणाऱ्याने नक्षीसाठी रचली नव्हती. फेकायला जागा नव्हती आणि दरड थांबवायची होती. तिथे जत्रेची गर्दी जवळजवळ नव्हती. सासूबाई एका एंगोरोच्या आत हात घालून झिलई चाचपत म्हणाल्या, “आमच्याकडे फुटके साचे खाडीत टाकायचे.”

बशा आल्या तेव्हा सासूबाई परत पेणला भाच्याकडे गेल्या होत्या. व्हिडिओ कॉल लावून खोकं उघडलं. राखाडी पाण्याचा निळा झाला होता, आणि तोही एकसारखा नाही. जिथे थेंब जास्त वेळ साचला तिथे मध्यरात्रीसारखा गडद, कडेला आभाळी. माझ्या मांजराच्या अंगावर फुग्यांचे ठिपके उठले होते, चित्त्याचं पिल्लू म्हणून खपलं असतं. त्यांचं दोन शेपट्यांचं मांजर बशीतून सरळ माझ्याकडे बघत होतं.

“फोन जवळ ने,” त्या म्हणाल्या. नेला. “डावा डोळा केसभर वर गेलाय.” मग बशी उलटी करायला लावून बूड बघितलं. मागे कारखान्यात कुणीतरी नळ सोडला होता. भाचा डोकावून म्हणाला, आत्या, मांजर काय, उंदीर काढायचा ना, आपल्या कामाचा. त्याला तिथल्या तिथे गप्प करून सासूबाईंनी मला विचारलं, तो जाड कुंचला नागोयात कुठे मिळतो, केवढ्याला पडतो, आणि मधला केस कुठल्या जनावराचा असतो ते बाईंना विचारून ठेव. पीतांबर भरायला बघू म्हणाल्या.